टेम नाही

आईबाबा सहा महिन्यांच्या व्हिसावर रेडिंगला आले की पहिला महिना लंडनमध्ये जातो, दुसऱ्या महिन्यात त्यांना लंडनचा कंटाळा येतो आणि बाबा म्हणतात, "अरे, एखादं खेडं दाखव की इथलं." आता मला विचाराल तर इंग्लंडमधलं खेडं म्हणजे पब. नदीकाठी लाकडी बाक, समोर फिश अँड चिप्स, बाबांना लाइम सोडा, आईला मेन्यूतलं जे काय एक व्हेज असेल ते, झालं खेडं बघून. म्हणून शनिवारी डॉर्चेस्टर ऑन टेम्स ठरवलं. चर्च दहा मिनिटांत उरकायचं, एक वाजता जेवायला बसायचं. बाबा पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेत हे मी हिशोबात धरलंच नव्हतं.

अॅबीच्या, म्हणजे तिथल्या जुन्या मठाच्या चर्चच्या, दारात आईने विचारलं, "चपला कुठे काढायच्या?" म्हटलं इथे नाही काढत. ते काही तिला पटलं नाही, "देवाचं आहे ना?" म्हणत तिने बूट काढून भिंतीला लावले आणि त्या गारढोण फरशीवर मोज्यांवर फिरली. बाबा तोवर पहिल्या पाटीला चिकटले होते. इमारत 1140 साली स्थापन झालेल्या मठाची, पण त्याच्याही आधी, 635 च्या सुमारास, बिरिनस नावाच्या बिशपने वेसेक्सच्या राजाला याच गावात बाप्तिस्मा दिला. "635? म्हणजे आपला दुसरा पुलकेशी! ऐहोळेचा शिलालेख 634 चा," आणि हे त्यांनी तिथल्या वयस्कर व्हॉलंटिअर काकांना इंग्रजीत सांगायला घेतलं, चालुक्यांपासून. काका सज्जन, सगळं ऐकून घेतलं आणि परतफेड म्हणून जेसीची खिडकी दाखवली. तळाशी बायबलमधला जेसी, येशूचा मूळपुरुष, आडवा झालाय, त्याच्यातून दगडी झाड उगवलंय आणि फांद्यांवर येशूचे पूर्वज. बाबा म्हणाले, "वंशावळ आहे ही. त्र्यंबकचे गुरुजी चोपडीत ठेवतात, यांनी खिडकीत ठेवली." मग बाराव्या शतकातलं शिशाचं बाप्तिस्म्याचं भांडं. "शिसं? लहान मुलांना?" एवढं बोलून बाबा गप्प झाले, पण ऑडिट ऑब्जेक्शन काढताना जो चेहरा होतो तो झालाच.

तिथे जमिनीत एक थडग्याचा दगड आहे, सारा फ्लेचर नावाच्या बाईंचा, 1799 चा, तिशीही गाठली नव्हती बिचारीने. त्यावर लिहिलंय की हिच्या नसा इतक्या नाजूक विणलेल्या होत्या की या जगातले धक्के आणि ढकलाढकल सोसवली नाही, आणि ती अतिसंवेदनशीलतेपायी हुतात्मा झाली. मी ते एकला पाच कमी असताना रिकाम्या पोटी वाचलं आणि खरंच गलबलून आलं. बायको म्हणाली, "तुला काही होत नाही, सकाळी दोन प्लेट पोहे हाणलेत."

अॅबीसमोरच द जॉर्ज आहे, पंधराव्या शतकातली सराई. तिथेच शिरलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती, पण काकांनी निरोप देता देता आईला सांगितलं की गावाच्या खाली दोन नद्या मिळतात. झालं. संगम म्हटल्यावर आई ऐकते होय? मोठी नदी टेम्स आणि तिला येऊन मिळणारी छोटी, तिचं नाव टेम. खरंच टेम. आमच्याकडे नेमका तोच नव्हता.

वाट डाइक हिल्सवरून जाते, म्हणजे लोहयुगातली तटबंदी, मातीचे दोन लांबच लांब बांध आणि मध्ये खंदक. मुलगा भुकेने कुरकुरतोय, चिखल घोट्यापर्यंत, आणि बाबा पावलं टाकत खंदकाची रुंदी मोजतायत, मध्येच कोणी बोललं की आकडा चुकतो आणि परत पहिल्यापासून. संगमावर आईने "गंगे च यमुने चैव" म्हणून सगळ्यांच्या डोक्यावर पाणी शिंपडलं. ऑक्टोबरातलं. बरफ नुसता.

गाडीत बसलो तेव्हा पावणेदोन. क्लिफ्टन हॅम्पडनचा पूल एकेरी, त्यावर सिग्नल, सिग्नल लाल, आणि बायकोने फोनमध्ये बघून सहज म्हटलं, "हा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने बांधलाय, 1867." "राजाबाई टॉवरवाला?" बाबा जवळजवळ ओरडले, "थांबव!" नोकरीतली नऊ वर्षं ते त्या टॉवरच्या घड्याळावर लोकल पकडायचे. मग उतरणं आलंच. पुलाच्या कठड्याला चालणाऱ्यांसाठी त्रिकोणी कोनाडे आहेत, त्यातल्या एकेकात उभं राहून बाबांनी विटा तपासल्या. स्कॉट मुंबईला कधी आलाच नव्हता, ड्रॉइंगं इथूनच गेली. "साइट व्हिजिट न करता! आमच्याकडे पण होते असे आर्किटेक्ट," बाबा म्हणाले, पण कौतुकानेच.

पुढे दोन गावं सोडून एका पबात शिरलो, नाव सांगत नाही, ज्याने जेवू घातलं नाही त्याचं नाव कशाला घ्या. दोन वीसला मी सगळ्यांना दारात सोडलं आणि पार्किंग शोधायला गेलो, बायको मुलाला घेऊन टॉयलेटला. परत येतो तर आईबाबा कोपऱ्यातल्या टेबलावर हात धुऊन, पुसून, नीट बसलेले. "वेटर येतच नाहीये रे." इथे वेटर येत नाही, काउंटरवर जाऊन टेबल नंबर सांगायचा असतो, हे मी गेली अकरा वर्षं इथे राहून आईबाबांना कधीच सांगितलं नव्हतं. धावलो. वाटेत जुन्या तुळईवर कपाळ आपटलं. बारमागची मुलगी फार गोड हसली. किचन अडीचला बंद होतं, आता सहाला. घड्याळात दोन चौतीस. हवं तर चीज अँड अनियनचे क्रिस्प्स आहेत म्हणाली.

गाडीत आईने पर्समधून फॉइलचं पुडकं काढलं. धपाटे. सकाळी मीच सांगितलं होतं, अजिबात घेऊ नकोस, गाडीत वास राहतो. पाच माणसांत चार धपाटे, त्यातला दीड मी खाल्ला, कुणी काही बोललं नाही. बाबा क्रिस्प्सची पिशवी झटकत म्हणाले, "सहाला उघडतंय ना किचन? मग पुलाजवळ टेकाडावर ते चर्च होतं बघ, त्याचं कामही स्कॉटनेच केलंय म्हणे. घे गाडी मागे."