थर्मोस्टॅट काढल्याने इंजिन थंड राहत नाही

"उन्हाळ्यात ट्रकचा थर्मोस्टॅट काढून टाका, इंजिन तापणारच नाही" असा मेसेज सध्या फिरतोय. हे चुकीचं आहे.

थर्मोस्टॅट म्हणजे तापमानानुसार उघडणारा-मिटणारा व्हॉल्व्ह. तो साधारण ८० अंश सेल्सिअसच्या आसपास उघडतो आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) रेडिएटरकडे सोडतो. बऱ्याच ट्रकमध्ये तो त्याच वेळी बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून थेट इंजिनात परत जाणारी वाटही बंद करतो. तो काढला की ही वाट कायम उघडी! गरम कूलंटचा काही भाग रेडिएटरला न शिवताच इंजिनात परत येतो आणि भरल्या गाडीने घाट चढताना तापमानाचा काटा उलट वरच सरकतो. रिकाम्या गाडीत तर इंजिन नीट तापतच नाही, डिझेल अर्धवट जळतं.

गाडी खरंच तापत असेल तर आधी रेडिएटरच्या जाळीतली धूळ साफ करा, इंजिन बंद करून फॅन बेल्टचा ताण बघा. थर्मोस्टॅट अडकत असेल, तर नवा बसवा.