लाल रंगाची समजूत

डिचोलीच्या आमच्या घरात 1992 सालचा रंगीत टीव्ही अजून नांदतो आहे, आणि चवथीला आठवडा उरला असताना आत्याने त्याच्याविरुद्ध तक्रार मांडली ती अशी, की मालिकेतल्या बाईचे कुंकू काळे दिसते. मी पाहिले तर कुंकवाचेच काय, सगळ्यांचे चेहरे कच्च्या कैरीसारखे झाले होते, आणि संच पंधरा-वीस मिनिटे तापल्यावर कुठे त्यांच्यात थोडी धुगधुगी येत होती.

म्हापशाहून आलेल्या मेकॅनिकने "लाल गन वीक झाली" असे निदान केले. टीव्हीच्या पिक्चर ट्यूबच्या मानेत लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांसाठी पडद्यावर इलेक्ट्रॉनचा मारा करणाऱ्या तीन गन असतात. त्यांच्या कॅथोडवरचा ऑक्साइडचा लेप थकला की इलेक्ट्रॉन पुरेसे सुटत नाहीत, आणि आमच्याकडे तिघींत लालच आधी थकली होती. कॅथोड तापवणाऱ्या हीटरला नेहमीच्या 6.3 व्होल्टपेक्षा जास्त देऊन ट्यूब बूस्ट करता येते, पण त्यात ती कायमची जाऊही शकते, असे त्याने सांगताच पंच्याऐंशी वर्षांची आत्या कडाडली, "म्हाताऱ्या जिवाला कोणी असा झटका देतो का रे?"

मग उरला एकच मार्ग: लालला वर आणता येत नाही, तर हिरव्या-निळ्याला खाली आणायचे. (एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना ही पद्धत समजावून सांगावी लागत नाही.) मेकॅनिकने आधी रंगाचे बटण शून्यावर नेले, कारण कृष्णधवल चित्र स्वच्छ राखाडी दिसल्याखेरीज रंग जुळत नाहीत, आणि वीस-पंचवीस हजार व्होल्टच्या शेजारी प्लॅस्टिकचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन तो मागे बसला. पडदा त्याला दिसावा म्हणून न्हाणीघरातला आरसा मी समोर धरून उभा राहिलो. उजळ भागासाठी एक प्रीसेट (स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचे आतले बारीक बटण), गडद भागासाठी दुसरा, आणि एक सुधारला की दुसरा बिघडे. आत्या समालोचन करीत होती: "आता कारले झाले. आता नीळ जास्त पडली." माझे हात आरशासकट थरथरू लागले, तेव्हा चित्रच हलते आहे असे समजून मेकॅनिक आणखी काहीतरी फिरवू लागला. त्यात कोपऱ्यातला एक जांभळा डाग कशानेच जाईना. तासाभराने उलगडा झाला, की आत्याने भजनाचा स्पीकर टीव्हीला टेकवून ठेवला होता आणि त्याच्या लोहचुंबकाने ट्यूबमधल्या शॅडो मास्कला, म्हणजे पडद्यामागच्या बारीक भोकांच्या धातूच्या जाळीला, बाधा केली होती. स्पीकर हलवून संच गार होऊ दिला आणि पुन्हा लावला, तेव्हा आतल्या डीगॉसिंग कॉइलने, म्हणजे चुंबकत्व उतरवणाऱ्या वेटोळ्याने, तो डाग पुसला.

अखेर चेहरे माणसांचे झाले, कुंकू लाल झाले, आणि चित्र इतके मंद झाले की दिवसा खिडक्या लावल्याखेरीज काही दिसेना. चवथीच्या दुपारी पाहुणे आले, तेव्हा फळे-पाने टांगलेल्या माटोळीखालचा गणपती समईच्या उजेडात होता आणि आम्ही सगळे शेजारच्या खोलीत, दारे-खिडक्या बंद करून, अंधारात निश्चल बसलो होतो. दाराशी चपला काढता काढता त्यांनी दबक्या आवाजात विचारले, "घरात कोणाचे काही बरे-वाईट तर नाही ना?" आत्याने तोंडावर बोट ठेवले, कारण ती कुंकवाची बाई नुकतीच पडद्यावर आली होती.