बाटली कुठे बुडवावी

सरकारी भूवैज्ञानिक म्हणून रुजू झालात, अभिनंदन. त्यातही नेमणूक नागपूरला आणि काम वर्धा खोऱ्यातल्या कोळसा खाणींमुळे आसपासच्या पाण्याचं काय होतं ते तपासण्याचं, म्हणजे पूर्वजन्मीचं काहीतरी असणार. पुण्य की आणखी काही, ते यथावकाश कळेल. आधी घराण्याचा इतिहास ऐका. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण १८५१ साली स्थापन झालं ते मुख्यतः कोळसा शोधण्यासाठी. तुमच्या विहिरीला पाणी कसं आहे हे विचारायला विलायतेहून कोणी बोटीत बसलं नव्हतं. तेव्हा कोळसा थोरला आणि पाणी धाकटं, ही ज्येष्ठतासूची पाठ करून ठेवा. बाकीचं सगळं तिच्यातूनच निघतं.

नागपूरची सोय अशी की सगळं हाकेच्या अंतरावर. कोळसा काढणाऱ्या वेकोलिचं (वेस्टर्न कोलफील्ड्सचं) मुख्यालय इथे, खाणींचे आराखडे करणाऱ्या सीएमपीडीआयची प्रादेशिक संस्था इथे, भारतीय खाण ब्यूरो इथे, केंद्रीय भूजल मंडळाचं विभागीय कार्यालय इथे आणि पर्यावरणावर संशोधन करणारी नीरीही इथेच. खणणारा, आखणारा, मोजणारा आणि शेरा मारणारा सकाळी एकाच गाडीवर तर्री-पोहे खाताना दिसले तर दचकू नका. दिल्लीची समिती आलीच, तर आंतरविभागीय समन्वयाचा पुरावा म्हणून तोच फोटो अहवालाला जोडा.

आता कामाचं बोलू. पाण्याची गुणवत्ता पाण्यात असते, हा कॉलेजातला समज वसतिगृहातच सोडून या. ती बाटली कुठे आणि कधी बुडवली यात असते.

आधी कधी ते पाहू. नवी खाण काढायची तर पर्यावरण परिणामांचा अहवाल लागतो. तो कंपनीच्या पैशाने सल्लागार तयार करतो आणि तुमच्यासारखे तो वाचतात. २००६ च्या अधिसूचनेत सोय अशी आहे, की अहवालासाठी एकाच ऋतूची पाहणी पुरते. फक्त तो ऋतू पावसाळा नसावा. इथे थांबा आणि या वाक्याला नमस्कार करा. कोळशाच्या थरांबरोबर पायराइट असतं, म्हणजे लोह आणि गंधक. खाणीवरची माती आणि दगड उपसून जे ओबीचे (ओव्हरबर्डनचे) डोंगर रचतात, त्यांत हे पायराइट उघड्यावर येतं. उन्हाळाभर त्याला हवा लागते, क्षार तयार होऊन दगडांवर बसून राहतात आणि पहिल्या जोरदार पावसात एकदम नाल्यात उतरतात. वर्षातलं सगळ्यात बोलकं पाणी ते. आणि नेमक्या त्याच ऋतूत बाटली बुडवायची सक्ती नाही. तेव्हा डिसेंबरात जा. हवा छान असते, जीप फसत नाही, हुरडाही मिळतो.

आता कुठे ते. एक नमुना खाणीच्या वरच्या अंगाचा आणि एक खालच्या अंगाचा घ्यायचा असतो, म्हणजे मधल्या खाणीने काय केलं ते कळतं. खालचा नमुना नाल्यातून घेण्याची चूक नवखी माणसं करतात. नाला नदीला मिळू द्या, नदीला दोन किलोमीटर वाहू द्या, मग उतरा. वर्धा नदी मोठी आहे, ती पोटात घालते. वरच्या नमुन्याची युक्ती मात्र अनुभवानेच येते. वणीपासून बल्लारपूरपर्यंत खाणी अशा रांगेने लागल्या आहेत की एकीचं वरचं अंग म्हणजे दुसरीचं खालचं अंग. तिथलं पाणी आधीच बिघडलेलं असतं. मग तुमच्या खाणीआधीचा आकडा आणि खाणीनंतरचा आकडा सख्ख्या भावांसारखे दिसतात आणि परिणाम ‘नगण्य’ ठरतो. यात तुम्ही एकही आकडा बदललेला नसतो, हे विशेष. चौकशी झाली तर शपथेवर सांगता येतं.

शिवाय चंद्रपुरात तुम्ही एकटे नाही. इरई, झरपट आणि वर्धा यांच्या काठी खाणी आहेत, औष्णिक वीज केंद्र आहे, कागद कारखाना आहे, सिमेंटही आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची प्रदूषणानुसार क्रमवारी लावली, तेव्हा चंद्रपूर चौथं आलं होतं. इतके वाटेकरी असल्यावर एकावर बोट ठेवणं शास्त्रीयदृष्ट्या धाडसाचं. ‘अनेक घटकांचा एकत्रित प्रभाव’ असं लिहा. एकत्रित कुटुंबात दूध कोणी सांडलं हे कधी ठरलंय का?

प्रयोगशाळेचा भाग सोपा आहे. पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्कली हे सांगणारा आकडा (सात म्हणजे उदासीन), जागेवरच मोजावा, धातूंचा नमुना गाळून त्यात नायट्रिक आम्लाचे थेंब टाकावेत, बाटली बर्फात ठेवावी, असं पुस्तक सांगतं. पुस्तकाला काय जातंय सांगायला, बर्फाचं बिल तुम्हाला लावायचं असतं. आम्ल घातलं नाही तर पाण्यातलं लोह हवेशी भेटून तांबूस गाळ होऊन तळाशी बसतं. बाटल्या जीपमध्येच राहू द्या, प्रवासभत्त्याचं बिल मंजूर होईपर्यंत पाणी छान निवळतं. वरचं नितळ पाणी यंत्राला द्या. यंत्र बीडीएल म्हणेल, म्हणजे त्याला काही दिसलं नाही. अहवालात येईपर्यंत त्याचं ‘नाही’ होतं आणि मंत्र्यांच्या भाषणात ‘शुद्ध’.

पीएचवर मात्र तुमचा विशेष लोभ असू द्या. खाणीचं पाणी म्हणजे आम्ल, एवढंच पत्रकारांना ठाऊक असतं. मेघालयात तसं होतंही, तिथल्या कोळशात गंधक भरपूर. आपला गोंडवनी कोळसा त्या मानाने गंधकात गरीब, आणि जे आम्ल तयार होतं ते पुष्कळदा खडकांतल्या कार्बोनेटशी झटापट करून शांत होतं. राहतो तो सल्फेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम, म्हणजे जड, खारट पाणी, ज्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. पण पीएच? साडेसात! म्हणून तक्त्यात पीएच पहिल्या रकान्यात घ्या. सल्फेट पान उलटल्यावर, आडव्या तक्त्यात, बारीक अक्षरात. जनसुनावणीत प्रश्न आलाच तर ठणकावून सांगा, ‘पाणी उदासीन आहे.’ ते खरंच आहे, आणि गावही एव्हाना तसंच झालेलं असतं.

आकडे तरीही वर गेले तर घाबरू नका, मानक आपल्या बाजूला आहे. पिण्याच्या पाण्याचं आयएस १०५०० उघडा. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य. पण दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतील. काठिण्य, म्हणजे पाण्याचा जडपणा, २०० पर्यंत, दुसरा स्रोत नसेल तर ६००. सल्फेट २००, आणि सवलतीत ४००. (सल्फेटच्या सवलतीला मॅग्नेशियमची एक अट आहे. ती शेऱ्याच्या रकान्यात असते आणि शेऱ्याचा रकाना झेरॉक्समध्ये कापला जातो.) तर्क लक्षात आला ना? ज्याच्याकडे दुसरी विहीर आहे त्याचं पोट नाजूक, ज्याच्याकडे नाही त्याचं चौपट दणकट. आणि दुसरी विहीर का नाही? तर खाणीने उपशात आटवली म्हणून. म्हणजे खाण जितकी खोल जाईल तितके स्रोत कमी, आणि स्रोत जितके कमी तितकं उरलेलं पाणी कायदेशीर. इतका देखणा जुगाड आपल्या खात्यात दुसरा नाही.

विहिरी आटण्याचंही उत्तर तयार ठेवा. कोळशाच्या वर पुष्कळ ठिकाणी कामठी वालुकाश्म असतो, पाणी धरणारा चांगला खडक. उघडी खाण तो कापत खाली जाते आणि खड्डा कोरडा ठेवायला पंप रात्रंदिवस चालतात. भोवतालची पातळी खड्ड्याकडे कलत जाते आणि पन्नास फुटी विहिरीचा तळ दिसू लागतो. अहवालात लिहा: ‘पर्जन्यमानातील अनियमितता व शेतकऱ्यांकडून अतिउपसा.’ पाच एचपीच्या मोटरीने पाणी पळवणारा तो शेतकरी मोजायलाही सोपा असतो. खाणीतून उपसलेलं पाणी नाल्यात सोडतात, त्याचं श्रेय घ्यायला विसरू नका. ‘नाल्यास बारमाही प्रवाह प्राप्त’ हे लाभांच्या यादीत टाका. प्रक्रिया केली तर हे पाणी पिण्याजोगं होतं, हेही खरंच आहे. पाटणसावंगीला वेकोलिने ‘कोल नीर’ नावाने ते बाटलीत भरून दाखवलं. हा दाखला प्रत्येक बैठकीत द्या, फक्त बाटली आपल्या टेबलावर आणि नाला त्यांच्या गावात, ही मांडणी बदलू देऊ नका.

आणखी दोन घटक सांभाळायचे. सुरुंगाच्या दारूत अमोनियम नायट्रेट असतं, न जळलेलं पाण्यात उतरतं आणि नायट्रेट वाढतं. नायट्रेट दिसलं की युरियाची गोणी आठवायची, खाण नाही. फ्लोराइडचं तर काम आणखी हलकं. यवतमाळ-चंद्रपुरात ते खडकांतूनच येतं, मुलांचे दात खाणीच्या आधीपासून पिवळे आहेत, हे निखळ सत्य. या एका सत्याच्या खात्यावर बाकी सगळं उधारीवर चढवता येतं: लोह खडकातलं, सल्फेट खडकातलं, मॅंगनीज खडकातलं. आहेच ते खडकातलं. तो खडक फोडून उन्हात कोणी पसरला, हा भूवैज्ञानिकाचा विषय नाही, प्रशासकीय आहे.

गावात गेलात की एखादी म्हातारी विचारेल, ‘सायेब, मांगच्या सालीबी तुमीच बाटल्या भरून नेल्या होत्या नं? त्या पान्याचं का झालं?’ खरं उत्तर असं की ते पाणी तक्ता झालं, तक्ता परिशिष्ट झालं आणि परिशिष्ट कपाटात आहे. पण म्हाताऱ्या माणसाला दुखवू नये. ‘माय, वर पाठवलंय’ म्हणा. दिलेला चहा मात्र टाळा. त्याच पाण्याचा असतो.

बदली गोव्यात झाली तर वेगळाच अभ्यास. तिथे लोहखनिजाची भुकटी हाच डिचोली-सांग्यातला पाणी धरणारा थर. खनिज काढायचं म्हणजे टाकीच फोडून न्यायची. त्यामुळे खाणीचा पाण्यावर परिणाम असा प्रश्नच चुकीचा ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ८८ लीज रद्द केल्या. अशा वेळी मोजणाऱ्याचं काय, हा विचार कोणी केला नाही.

दुसऱ्याचा अहवाल तपासताना शेवटपर्यंत वाचायची सवय लावू नका, पण चाळा तरी. रत्नागिरीतल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीवरचा मजकूर जसाच्या तसा उतरल्याचं उघडकीला आलं होतं, स्प्रूस आणि बर्चच्या जंगलांसकट. कोकणात, हापूसच्या शेजारी. कोळशाच्या अहवालात एवढं धाडस नको. सागाच्या जागी सागच राहू द्या.

एवढं केलंत की उरतो विधिमंडळातला तारांकित प्रश्न. हिवाळी अधिवेशन नागपूरलाच असतं, त्यामुळे उत्तर मागायला शिपाई सकाळीच तुमच्या दारात येईल. मसुदा आताच टाइप करून ठेवा:

(१) अमुक तालुक्यातील गावांमध्ये खाणींमुळे पिण्याचे पाणी दूषित झाले आहे, हे खरे आहे काय?
(१) हे अंशतः खरे आहे.
(२) असल्यास, पाण्याचे नमुने तपासण्यात आले आहेत काय, त्यात काय आढळून आले?
(२) नमुने घेण्यात आले आहेत. दुसरा स्रोत उपलब्ध नसल्याने पाणी अनुज्ञेय मर्यादेत आहे.
(३) असल्यास, दुसरा स्रोत उपलब्ध करून देण्याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे?
(३) दुसरा स्रोत उपलब्ध केल्यास पाणी अनुज्ञेय मर्यादेत राहणार नाही.
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?
(४) प्रश्न उद्भवत नाही.