एका गिटारला दोन पंधरा इंची टॉप कशाला?

हुरड्याचा हंगाम जवळ आला की सोलापुरातल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरू लागतो. थोडक्यात तो असा: ‘एकट्याने गिटार घेऊन गाणाऱ्यांनो, हलक्या स्पीकरच्या नादी लागू नका. हजार वॅटच्या खाली काही ऐकू येत नाही. पंधरा इंचीशिवाय बेस नाही. आठ चॅनलचा मिक्सर घ्या, गिटारची पिन कुठल्याही चॅनलला घाला, माईक कुठलाही चालतो. बॅटरीवरचे स्पीकर म्हणजे खेळणी. सोलापूरच्या पब्लिकला आवाज लागतो.’

लिहिणारा खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. विजापूर रोडवरच्या एखाद्या लॉन्सवर चारशे माणसांसमोर ट्रॅक लावून नाचाची गाणी करायची असतील, तर त्याची यादी बरोबरच आहे. पण ती त्या कामाची यादी आहे. एक गळा, सहा तारा आणि समोर पन्नास-साठ माणसं, एवढ्या कामासाठीही तीच फॉरवर्ड केली जाते आणि नवखी पोरं कर्ज काढून पंधरा इंची ‘टॉप’, म्हणजे मोठ्या स्पीकरची खोकी, आणतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘हजार वॅटच्या खाली काही ऐकू येत नाही.’ खोक्यावर ठळक छापलेला आकडा बहुतेक वेळा पीकचा, म्हणजे क्षणभरच्या झटक्याचा, असतो. सलग मिळणारी पॉवर त्याच्या निम्मी, कधी त्याहूनही कमी. तेही सोडा. पॉवर दुप्पट केली की आवाज वाढतो ३ डेसिबलने, म्हणजे ‘थोडं वाढवलं वाटतं’ इतकाच. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी पॉवर दहापट करावी लागते. १०० वॅटवरून १००० वर उडी मारून हातात पडतं ते एवढंच. मोठ्या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये आवाज काढायची ताकद, थोडी जास्त असते, तो फायदा मान्य. पण आपल्याला लागतं किती, हे कुणी बघतच नाही.

हलक्या वर्गातला बरा आठ इंची पॉवर्ड (म्हणजे ॲम्प्लिफायर आतच असलेला) स्पीकर एक मीटरवर सलग शंभर डेसिबलच्या आसपास देतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल गळतात. म्हणजे दोन मीटरवर ९४, चार मीटरवर ८८, आठवर ८२, सोळावर ७६. समोरासमोरचं साधं बोलणं ६० च्या घरात असतं. मोहोळकडच्या शेतातली हुरडा पार्टी डोळ्यांपुढे आणा: मध्ये आगटी, भोवती सतरंज्या आणि दोन-चार बाजली, शेवटचा माणूस फार तर दहा-बारा मीटरवर. त्याच्यापर्यंत गाणं नीट पोचतं आणि शेजारी बसलेल्याला ‘शेंगाचटणी इकडं सरकव’ असं ओरडावंही लागत नाही.

मात्र एक अट आहे. स्पीकर जमिनीवर ठेवायचा नाही. तो खाली असला की पहिल्या रांगेचे गुडघेच गाणं खाऊन टाकतात. शब्द ज्या वरच्या पट्टीत असतात ती माणसांच्या अंगात जिरते, मागच्यांना नुसता घुमारा ऐकू येतो, ते ‘आवाज वाढवा’ म्हणतात, वाढवला की पुढचे कानात बोटं घालतात. हाच स्पीकर स्टँडवर चढवून हॉर्न, म्हणजे वरच्या पट्टीचा आवाज सोडणारा भोंगा, बसलेल्यांच्या डोक्यांवरून जाईल असा केला की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. स्टँडच्या पाईपासाठी खाली ३५ मिलिमीटरचं भोक आहे का, एवढं घेताना बघा. उभा करायचा तो आपल्यापेक्षा किंचित पुढे आणि बाजूला. अगदी पाठीमागे ठेवला की आवाज थेट माईकमध्ये घुसतो आणि शिट्टी सुरू होते.

‘माईक कुठलाही चालतो.’ मेसेजमधलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य हे. माईकपासून वीस सेंटिमीटर लांब तोंड ठेवून गाणारा पाच सेंटिमीटरवर आला, तर माईकला अंदाजे १२ डेसिबल जास्त मिळतात. हेच वॅटमध्ये मिळवायचं तर पॉवर सोळापट करावी लागेल. इथे एक पैसा लागत नाही. अट एवढीच की माईक जवळून गाणं सोसणारा हवा. साधा, हातात धरायचा, कार्डिऑइड डायनॅमिक माईक घ्या, जो पुढचं घेतो आणि पाठीमागचं बरंचसं टाळतो. शुअरचा एसएम५८ हा १९६६ पासून बाजारात आहे आणि आजही जगभरच्या स्टेजवर दिसतो, त्याचं कारण हेच. त्याची नक्कल मात्र रस्त्यावरच्या टॉवेलइतकी सहज मिळते, तेव्हा बिल घेऊनच खरेदी करा. जवळून गायल्याने खालचा बेस फुगतो. तो लो-कटने ८०-१०० हर्ट्झच्या खाली छाटायचा. आणि माईकची जाळी मुठीत धरणं बंद. रॅपरचं बघून धरतात बरेच जण. तसं धरलं की माईक चहूबाजूंचं ऐकू लागतो आणि मग शिट्टीचं खापर स्पीकरवर फुटतं.

‘पंधरा इंचीशिवाय बेस नाही.’ कुठला बेस? नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झला वाजते. पुरुषाचा गाता आवाजही साधारण तिथपासूनच सुरू होतो. चांगला आठ इंची तिथपर्यंत आरामात उतरतो. त्याखाली ढोल, किक ड्रम, बेस गिटार असतात. ते तुमच्याकडे नाहीत. उलट बहुतेक अकूस्टिक गिटारींच्या पोकळीतली हवा १०० हर्ट्झच्या आसपास स्वतःच घुमते. समोर पंधरा इंची दणदणत असेल तर तीच पट्टी गिटारमध्ये परत शिरते आणि ‘बूऽऽ’ असा न थांबणारा घुमारा सुरू होतो. मग भोकावर रबरी झाकण लावा, इक्वलायझरमध्ये तो भाग खाली ओढा. म्हणजे पैसे देऊन आणलेला बेस हातानेच कापायचा.

‘गिटारची पिन कुठल्याही चॅनलला घाला.’ इथे नवख्यांचं खरं नुकसान होतं, म्हणून थोडं सविस्तर. बऱ्याच अकूस्टिक गिटारींत ब्रिजच्या पट्टीखाली पिझो पिकअप असतो, म्हणजे तारांच्या कंपनाचा विजेचा सिग्नल करणारी पट्टी. त्याला पुढच्या इनपुटचा इम्पीडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा विजेचा अडथळा, फार मोठा लागतो, एक मेगाओम किंवा त्याहून जास्त. मिक्सरचा साधा लाईन इनपुट दहा-वीस किलोओमचा असतो. आत प्रीॲम्प (सिग्नल आधीच सावरून देणारं छोटं सर्किट) नसलेला पिझो त्यात घातला की खालचा सगळा भरणा गायब होतो आणि उरतो तो पत्र्याच्या डब्यावर तार छेडल्यासारखा आवाज. दोष जातो गिटारला. पोरं तीस हजारांची नवी गिटार बघायला लागतात, तेव्हा हवा असतो फक्त ‘हाय-झी’ (मोठ्या इम्पीडन्सचा) लिहिलेला इनपुट किंवा गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारा एक छोटा डीआय बॉक्स. गिटारमध्ये नऊ व्होल्टच्या सेलवर चालणारा प्रीॲम्प असेल तर ही अडचण बरीचशी सुटते. पण तो सेल कार्यक्रमाच्या मधोमध मान टाकतो, म्हणून दुसरा खिशात हवाच.

आठ चॅनलच्या मिक्सरबद्दल काय लिहायचं? एक माईक, एक गिटार, मध्यंतरात गाणी लावायला फोन. तीन चॅनल झाले. तेवढे आजकाल स्पीकरच्या पाठीवरच असतात, इकोसकट. (इको कमी ठेवा हो. सोलापुरात प्रत्येक माईकला देवळाचा गाभारा लावायची सवय कुणी लावली कोण जाणे.)

‘बॅटरीवरचे स्पीकर म्हणजे खेळणी.’ लाल-निळे दिवे मिचकावणाऱ्या ट्रॉली स्पीकरबद्दल हे म्हणायचं असेल तर माझी सही घ्या. ब्लूटूथवरून माईक किंवा गिटार नेण्याच्या भानगडीतही पडू नका. त्यात आवाज एवढा मागे राहतो की ताल हातातून सुटतो. पण बोसचा एस-वन प्रो ७.१ किलोचा आहे, जेबीएलचा इऑन वन कॉम्पॅक्ट ८ किलोचा, आणि दोन्ही माईक-गिटारसाठीच बनलेले आहेत. रोलंडचा क्यूब स्ट्रीट ईएक्स तर साध्या आठ पेन्सिल सेलवरही चालतो. हलकेपणा आला तो क्लास-डी ॲम्प्लिफायर, मोठ्या लोखंडी ट्रान्सफॉर्मरशिवाय चालणारा एसएमपीएस पॉवर सप्लाय आणि निओडिमियम चुंबकांमुळे. जुन्या ॲम्पचं वजन बरंचसं लोखंडी ट्रान्सफॉर्मरचं असे, त्यातून गाणं येत नव्हतं.

आणि आपल्याकडे बॅटरीचा उपयोग शहरापेक्षा शेतावर जास्त. मोटरच्या खोलीतून ओढलेली वायर, अर्थिंगचा पत्ता नाही, मोटर सुरू झाली की व्होल्टेज बसतं आणि स्पीकरमधून अखंड ‘हम्म’. बॅटरीवर यातलं काहीच नाही. बोस आणि जेबीएल अकरा-बारा तास सांगतात, मोठ्या आवाजात ते कमी होतात, पण दोन-अडीच तासांच्या बैठकीला पुरून उरतात. फक्त एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असताना तो स्पीकर बंद गाडीत सोडून जेवायला जाऊ नका. लिथियम बॅटरीला ऊन सोसत नाही.

‘सोलापूरच्या पब्लिकला आवाज लागतो.’ मिरवणुकीत लागतो, कबूल. पण गच्चीवरच्या वाढदिवसाला किंवा सात रस्त्याकडच्या कॅफेत लोक गप्पा मारत गाणं ऐकायला येतात. शिवाय २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, रात्रीची ४५, आणि रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. पोलीस आल्यावर यजमान वॅट विचारत नाही, ‘काय बे, बंद कर की’ म्हणतो.

‘आधी मोठं घ्या, लहान नंतर बघू’ अशीही एक पुरवणी मेसेजखाली असते. मी उलट सांगेन. एकटा गाणारा म्हणजे सामान उचलणाराही एकटाच. सात-आठ किलोचा स्पीकर स्कूटरच्या पायापाशी बसतो, गिटार पाठीवर, स्टँड बाजूला बांधायचा. पंधरा इंची दोन टॉपना टेम्पो लागतो, आणि टेम्पोचं भाडं तुमच्या बिदागीतूनच जातं. मोठे टॉप सोलापुरात कुठल्याही पेठेत, मंडपवाल्याकडे भाड्याने मिळतात. गिटारचा नीट इनपुट असलेला छोटा स्पीकर सहसा नाही मिळत. तेव्हा छोटा विकत घ्या, मोठा लागेल त्या दिवशी भाड्याने आणा. त्या दिवशी छोटा घरी ठेवायचा नाही. माईक आणि गिटार नेहमीसारखे त्यातच लावा, त्याच्या पाठीवरच्या आउटमधून एक केबल मंडपवाल्याच्या मिक्सरला द्या आणि स्वतःचं गाणं ऐकायला तो पायापाशी तिरका ठेवा. ती केबल आपली आपण न्यायची, दोन्ही टोकांना योग्य पिन आहे ना हे घरीच बघून.