खेतडीची खाण उघडेल तेव्हा घेऊ, म्हणणाऱ्यांसाठी

गेले काही आठवडे नाशिकच्या भांडी बाजारात एक मेसेज या दुकानातून त्या दुकानात फिरतोय. राजस्थानातली खेतडीची तांब्याची खाण हजारो वर्षांची जुनी आहे, पूर्वजांनी छिन्नी-हातोड्याने तिथून तांबं काढलं, ती आज बंद पडून आहे, आतलं पाणी उपसून ती पुन्हा चालू केली की देशाला बाहेरून तांबं आणावं लागणार नाही आणि भाव निम्म्यावर येईल. म्हणून आत्ता तांब्याची खरेदी थांबवा, असं त्याचं शेवटचं वाक्य.

मी तो वाचून सोडून दिला असता. पण मागच्या आठवड्यात एका मावशींनी मुलीच्या लग्नासाठी माझ्या दुकानात सांगून ठेवलेला हंडा-कळशीचा जोड थांबवला. "खाण उघडू दे रे, मग घेऊ." लग्न मार्गशीर्षात आहे.

तर पहिली गोष्ट, खेतडीची खाण बंद नाहीच. खेतडी आणि शेजारची कोलिहान, या दोन्ही खाणी हिंदुस्तान कॉपर ही सरकारी कंपनी चालवते. 2008 साली तिथली भट्टी बंद झाली, म्हणजे खनिज वितळवून तांबं करणारा स्मेल्टर. मेसेज लिहिणाऱ्याने भट्टी आणि खाण एकच धरली. खरंच बंद पडलेल्या खाणीचं उदाहरण हवं होतं तर झारखंडमधली राखा होती, ती 2001 साली बंद झाली.

"देश स्वयंपूर्ण होईल" याचा हिशोब एकदा मांडून पाहा. हिंदुस्तान कॉपरच्या सगळ्या खाणी मिळून, त्यात मध्य प्रदेशातल्या बालाघाटची मलाजखंड ही सगळ्यात मोठी, वर्षाला साधारण 25 ते 27 हजार टन तांबं खनिजाच्या रूपात देतात. म्हणजे दगडाचं नव्हे, त्यातल्या तांब्याचं वजन तेवढं. देशाची गरज 7 लाख टनांच्या वर आहे. शंभरातले चारसुद्धा नाहीत. कंपनीने 2030-31 पर्यंत वर्षाला 1.22 कोटी टन दगड काढायचं लक्ष्य ठेवलंय. ते पुरं झालं, व्हावंच, तरी त्यातून लाखभर टन तांबं निघेल. तोवर आपल्या नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या ट्रान्सफॉर्मर आणि स्विचगियरवाल्यांची भूकही वाढलेली असेल. एका इलेक्ट्रिक मोटारीत 80 किलोच्या आसपास तांबं जातं.

आता माझ्या गल्ल्याशेजारच्या दगडाविषयी. मलाजखंडकडच्या एका ओळखीच्याने तो आणून दिला. मुठीएवढा, करडा, आणि उन्हात धरला की त्यात पितळेसारखे पिवळे ठिपके चमकतात. गिऱ्हाईक विचारतं, सोनं आहे का? ते चाल्कोपायराइट, म्हणजे तांबं, लोखंड आणि गंधक एकत्र. आपल्याकडच्या खाणींत शंभर किलो दगडात एक किलोच्या आसपास तांबं असतं. चार किलोच्या हंड्यासाठी चारशे किलो दगड फोडायचा, त्याचं पीठ करायचं, पाण्यात फेस काढून पिवळा भाग वेगळा करायचा, मग भट्टी. उरलेलं जवळपास सगळं पीठ गाळ म्हणून धरणासारखा बांध घालून सांभाळायचं, तेही कायमचं.

"पूर्वजांनी छिन्नी-हातोड्याने काढलं" हे वाक्य इथेच अडतं. पूर्वजांना जमिनीलगतचा हिरवा दगड मिळाला. त्यात गंधक नाही, तो कोळशाच्या भट्टीत सहज वितळतो. तो त्यांनी वेचून नेला. आपल्या वाट्याला खोलवरचा पिवळा दगड उरलाय. आणि आपल्या भागातल्या पूर्वजांनी तर तांबं बाहेरूनच आणलं. सांकलिया आणि देव या पुरातत्त्वज्ञांनी 1950-51 मध्ये नाशिकच्या मातीच्या गढीवर आणि संगमनेरजवळ जोर्व्याला उत्खनन केलं. जोर्व्याला तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या. पण इथे सगळा काळा बेसॉल्ट, तांब्याची खाण कुठली असणार?

बंद खाणीतलं पाणी उपसण्याचं म्हणाल तर पंप लावणं हा त्यातला सोपा भाग. दगडातल्या गंधकामुळे साचलेलं पाणी आंबट होतं, लोखंड खातं. ते तसंच नदीला सोडता येत नाही. वर्षानुवर्षं भिजलेलं छत, हवा, दोर, लिफ्ट, सगळं नव्याने तपासायचं. चालू खाणीतही मे 2024 मध्ये कोलिहानची लिफ्ट कोसळली. पंधरा जण आत अडकले, चौदा वर आले. शिवाय कागद. झारखंडच्या सुरदा खाणीच्या भाडेपट्ट्याची मुदत 2020 साली संपली आणि चांगली चालणारी खाण काही वर्षं थांबून राहिली.

राहिला भाव. तो लंडन मेटल एक्स्चेंजवर, म्हणजे धातूंच्या जागतिक बाजारात ठरतो, वर डॉलर आणि आयात शुल्क. खेतडीचं तांबंही त्याच हिशोबाने विकलं जातं. तिथे दुप्पट दगड निघाला तरी आमच्या बाजारात पत्र्याच्या किलोमागे फरक पडणार नाही.

खाणी वाढू नयेत असं मी म्हणत नाही. वाढाव्यात, आणि तिथल्या माणसांना काम मिळावं. पण त्या आशेवर इथल्या तांबटाचं काम थांबवू नका. आमच्या काकांचा हातोडा या महिन्यात निम्मे दिवस खुंटीला होता. 2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे. गंगेचं, म्हणजे गोदेचं, पाणी भरून झाळून द्यायचे गडू आत्ताच घडवायला घ्यावे लागतात.

आणि तांबं आपल्याच घरात आहे. मोडीचं तांबं वितळवलं की पुन्हा पहिल्यासारखं होतं, त्यासाठी दगड फोडावा लागत नाही. काल मावशींना फोन केला. माळ्यावर सासूबाईंचं घंगाळ आहे म्हणाल्या, बुडाला चीर गेलेलं. ते मोडीत घेऊन जोडाच्या पैशांतून वजा करतो, असं सांगितलं. रविवारी आणणार आहेत.