‘त्याला कशाला नेता फिरायला?’

कॉलनीच्या ग्रुपवर तो मेसेज या महिन्यात तिसऱ्यांदा आला. ‘मतिमंद, ऑटिस्टिक मुलांच्या पालकांनी सहलींचा अट्टहास धरू नये. मुलाला काही कळत नाही, लोकांना त्रास होतो, भावंडांचा हिरमोड होतो. घरीच टीव्ही लावून द्यावा.’ खाली हात जोडलेल्यांची रांग.

माझा मुलगा बारा वर्षांचा, ऑटिस्टिक. बोलतो मोजकंच. पण पुण्याच्या पेशवे उद्यानात १९५६ पासून धावणारी फुलराणी ही छोटी आगगाडी वळणावर यायच्या आधीच हा टाचा उंचावून उभा असतो. रविवारी संध्याकाळी नेलं तेव्हा मात्र कान दाबून किंचाळला होता. कळत नव्हतं म्हणून नव्हे. पिपाण्या, भोंगे, रांगेतली रेटारेटी सगळं एकदम अंगावर आलं म्हणून. आता आम्ही गर्दी नसेल असा वार बघून जातो, हेडफोन सोबत असतात. आदल्या रात्री फोटो मांडतो: रिक्षा, तिकीट, गाडी, घर. त्यातला ‘घर’चा फोटो सगळ्यात कामाचा. संपणार कधी हे ठाऊक असलं की स्वारी निवांत. अर्ध्या तासात त्याचं पोट भरतं. ‘एवढे पैसे खर्चून आलोय’ हे दुखणं आपलं, मोठ्यांचं.

लोकांना त्रास? होतो कधी कधी. वरातीतल्या डीजेचाही होतो, पण नवरदेवाला कुणी घरी बसा म्हणत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मनोरंजनासाठी वेगळं कलमच आहे, २९वं. मे २०२२ मध्ये रांची विमानतळावर एका दिव्यांग मुलाला विमानात चढू दिलं नाही, तेव्हा नागरी हवाई वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएने विमान कंपनीला पाच लाखांचा दंड केला. तिथेही कारण हेच दिलं होतं, इतर प्रवाशांची काळजी.

लेकीचा हिरमोड होतो, हे मात्र खरं. महाबळेश्वरला वेण्णा लेकवर आमचा नंबर आला आणि नेमकं तेव्हाच परतावं लागलं. ती रात्री जेवली नाही. तेव्हापासून महिन्यातून एकदा तिची एकटीची फेरी असते, कधी माझ्याबरोबर, कधी बाबाबरोबर. बाकी वेळी चौघं. प्रत्येक वेळी जमतंच असं नाही.

राहिला टीव्ही. तो बघतोच की. त्यावर लावायला काय लावतो, तर मी मोबाइलवर घेतलेला फुलराणीचा व्हिडिओ. शिट्टी वाजली की उठतो आणि रिक्षाचा फोटो आणून माझ्या हातात ठेवतो.