दातदुखी परवडली, पण काळीज नको : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इंडोनेशियाचे गायक मेगी झेट यांच्या दातदुखीच्या गाण्यावर मी लिहिलं, त्याखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. दांगदुत, म्हणजे तिथलं लोकप्रिय नाचतं संगीत, ही हिंदी सिनेसंगीताची गावठी नक्कल आहे आणि विरहाचे शब्द नाचाच्या ठेक्यावर गायले की दुःख खोटं ठरतं, असं तुम्ही म्हणता.

'गावठी' हा शब्द वाचून थबकलो. इंडोनेशियात 'काम्पुंग' म्हणजे गाव आणि 'काम्पुंगान' म्हणजे अगदी आपलं गावठी. १९७० च्या दशकात जाकार्तातले सुशिक्षित लोक या संगीताला हेच म्हणून नाकं मुरडत. 'दांगदुत' हे नावही हेटाळणीतूनच आलं, ढोलाच्या दोन बोलांवरून. गायक रोमा इरामांनी तेच नाव उचलून गाण्यात घातलं आणि अभिमानानं मिरवलं.

चाली उचलल्या, हे खरंच आहे. गायिका एल्या खादाम यांचं १९५० च्या दशकातलं गाणं तर नावातच 'भारतातली बाहुली' म्हणतं, लपवाछपवी नाहीच. पण त्याआधीपासूनची मलय वाद्यवृंदाची परंपरा, अरबी वळणाच्या हरकती आणि रोमा इरामांनी डीप पर्पल हा ब्रिटिश रॉक बँड ऐकून आणलेली इलेक्ट्रिक गिटार, हे सगळं मिसळून जे झालं ते हिंदी सिनेमात कुठे आहे?

आता ठेका. चौथ्या मात्रेवर खोल, घसरता 'दुत' पडतो आणि पुढच्या पहिल्या मात्रेवर 'दांग' उठतो. म्हणजे आवर्तन संपताना पाय खचतो आणि लगेच सावरतो. त्यावर कंबर, खांदे सावकाश झुलतात. त्याला 'गोयांग' म्हणतात. गाणारा ओळ संपवतो, बांबूची बासरी तोच सूर पुढे ओढते, आणि पुढच्या ओळीत आवाज 'चेंगकोक' घेत, म्हणजे स्वर वळवत, रडण्याच्या काठापर्यंत जातो. मला यात दुःखाची चेष्टा ऐकू येत नाही. चारचौघांत उभं राहून सोसलेलं दुःख ऐकू येतं. जावातल्या लग्नांत दांगदुतचा जलसा असतो. तिथे नवरा-नवरीसमोर विरहगीतं गातात, पाहुणे झुलतात, गायिकेला नोटा देतात आणि कुणालाही ते अशुभ वाटत नाही.

शब्दांकडे तर जरूर बघा. तिकडे प्रेमाला 'चिंता' म्हणतात; संस्कृतातली चिंताच ती. दुःखाला 'दुका', एकनिष्ठेला 'सतिया'. प्रेमगीत गाणाऱ्याच्या तोंडी पहिलाच शब्द चिंता येत असेल, तर ठेका कितीही हलका असो, खाली भार आहेच.

एक चूक मात्र माझी, आणि ती तुमच्यामुळे ध्यानात आली. त्या गाण्याची टेक मी 'हृदय दुखण्यापेक्षा दात दुखलेला बरा' अशी दिली होती. ती तुम्हाला बालिश वाटली, आणि तशी ती आहेच. मूळ शब्द 'हाती' आहे, म्हणजे यकृत. खाटकाकडे कोंबडीचं मिळतं तेच, आणि मन जिथे दुखावतं तेही तेच. आपल्याकडे यासाठी काळीज हा शब्द तयार असताना मी पुस्तकी हृदय कशाला शोधत बसलो, कळत नाही. लेखात ओळ बदलली आहे : 'काळीज दुखण्यापरीस हा दात दुखलेला बरा.' आता पुन्हा ऐकून सांगा.